'नाही' शिकले, ते इंदापूरच्या चारीवर

तुमच्या ऑफिसात एक जण असा असतोच, ज्याच्या डेस्कपाशी येऊन लोक म्हणतात, 'यार, एक छोटंसं काम होतं.' जरा आजूबाजूला नजर टाका. कुणी दिसत नाहीये? मग तो एक जण तुम्हीच आहात, अभिनंदन!

आमच्या खराडीच्या ऑफिसात तो मान माझ्याकडे होता. प्रेझेंटेशन जमत नाहीये, हिला विचारा. क्लायंटला रात्री साडेनऊलाच कॉल हवाय, ही असते जागी. नवा मुलगा आलाय, हिच्याशेजारी बसवा. मी सगळ्यांना हो म्हणायचे आणि वर 'अरे, त्यात काय!' असंही म्हणायचे. खरं सांगू? मजा यायची. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय ही भावना कटिंग चहासारखी असते. सहा वेळा मिळाली तरी सातव्यांदा हवीच असते.

फेब्रुवारी २०२५ मधला एक शुक्रवार. शनिवारचा एक कॉल अचानक रद्द झाला आणि मला आजोळ आठवलं. (हो, याच क्रमानं.) आई गेल्यापासून इंदापूर तालुक्यातलं मामाचं घर हेच माझं माहेर. तिथे ८४ वर्षांची आजी आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनला तिला पुण्याला मी नेणार, हे मीच दिवाळीच्या फराळाच्या ताटावर जाहीर केलं होतं. त्यानंतर पाच वेळा 'पुढच्या शनिवारी नक्की' झालं. संक्रांतीनंतर त्यांनी विचारायचंच बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार माणसं आहेत!

फोन लावला. मामा म्हणाले, "ये की! पण उद्या रात्री आपली पाळी हाय, म्या काय घरी सापडायचो नाय."

फोन स्पीकरवर होता. शेजारच्या डेस्कवरच्या मुलाचे कान लाल झाले. ही कालव्याच्या पाण्याची पाळी, शेताला पाणी द्यायचा आपला नंबर, हे त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. तेवढ्यात मॅनेजर आला. "घाई नाहीये गं. सोमवारी सकाळी क्लायंटसमोर जायचंय, तेवढं डेक बघशील? वीकएन्डला तासभर."

मी काय म्हटलं असेल ते सांगायला नकोच. लॅपटॉप बॅगेत टाकला.

बारामतीत सत्तर मिनिटं

सकाळी सहाला निघालं तर हडपसरची गर्दी चुकते. मग लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला करत पाटस. तिथे सोलापूर हायवे सोडून उजवीकडे वळायचं की तासाभरात बारामती. पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर. फेब्रुवारीत गळीत हंगाम जोरात असतो, त्यामुळे पुढे सतत उसानं लादलेल्या ट्रॉल्या. मागे दिवा नाही, पण टेपवर गाणं दणक्यात. ओव्हरटेक करताना उसाची टिपरं काचेला घासतात. घाई असेल तर या रस्त्यानं या दिवसांत येऊच नका.

बारामती पहिल्यांदा बघणारा माणूस जरा गोंधळतो. तालुक्याच्या गावाची त्याच्या डोक्यात जी कल्पना असते त्यात हे रुंद रस्ते, कॉलेजांचे कॅम्पस आणि एवढी मोठी एमआयडीसी बसत नाही. आपण पुण्यात ज्या ॲपे रिक्षांच्या मागे अडकून शिव्या देतो, त्या इथेच तयार होतात. आणि गावाच्या मधोमध कालवा! तीन हत्ती चौकाजवळ गाडी लावली, पाणी बघत चहा घ्यावा म्हटलं, तर मॅनेजरचा फोन. "पंधरा मिनिटांचा कॉल आहे, फक्त ऐक."

कॉल सत्तर मिनिटं चालला. मी 'फक्त ऐकत' होते तरी त्यात तीनदा हो म्हणून बसले. एक हो सोमवारच्या डेकमधल्या जादा आकड्यांसाठी, एक दुसऱ्या टीमच्या रिपोर्टसाठी आणि तिसरा कशासाठी ते मला आजही नीट आठवत नाही. चहाचा ग्लास बॉनेटवर गार झाला.

गंमत अशी, की हे सगळं ज्या मतदारसंघात घडत होतं, त्याच मतदारसंघाच्या खासदारानं अशा फोनविरुद्ध कायदा मागितलाय. सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत 'राइट टू डिसकनेक्ट' नावाचं खासगी विधेयक मांडलं होतं. कामाच्या वेळेनंतर ऑफिसचा फोन न उचलण्याचा, मेलला उत्तर न देण्याचा हक्क, आणि तो न पाळणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या एकूण पगाराच्या १ टक्का दंड, असं त्याचं स्वरूप. ते तसंच राहिलं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. फ्रान्सनं असा हक्क २०१७ पासून दिलाय, ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून. आपल्याकडे खासगी विधेयकाचा कायदा होणं म्हणजे उंबराचं फूल. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ झाले आणि शेवटचा १९७० साली! पण २०२४ मध्ये पुण्यातल्या एका तरुण चार्टर्ड अकाउंटंट मुलीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र देशभर फिरलं, तेव्हापासून हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. कामाच्या ताणानं मुलगी गेली, असं आईचं म्हणणं होतं. कंपनीनं ते मान्य केलं नाही. आमच्या ऑफिसात ते पत्र सगळ्यांनी वाचलं, ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजी टाकल्या आणि त्याच रात्री साडेनऊचा कॉल घेतला. मीसुद्धा.

बारामतीचा आणखी एक माणूस मला त्या सकाळी आठवला. शाळेत ज्यांच्या आर्यांनी आपल्याला छळलं ते कवी मोरोपंत. पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत (१७२९ ते १७९४) नाइकांच्या आश्रयानं बारामतीतच राहिले. त्यांनी १०८ रामायणं रचली असं म्हणतात. त्यातलं एक 'निरोष्ठ रामायण'. ओठ मिटून उच्चारावी लागणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरं त्यात नाहीतच. आता 'राम' म्हणून बघा. ओठ मिटले ना? म्हणजे अख्खं रामायण, पण त्यात राम हे नाव येणार नाही! पाच अक्षरांना नाही म्हणायचं आणि तरीही काम पूर्ण करून द्यायचं. मॅनेजरच्या 'तासभराचं काम'पुढे हे कौशल्य मला फारच हवंसं वाटलं. 'नाही' या शब्दात मात्र ओठ मिटत नाहीत, तो त्या रामायणात चालला असता.

बघण्यासारखी गोष्ट मात्र समोर वाहत होती. नीरा डावा कालवा. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतर इंग्रजांनी हा काढला आणि १८८० च्या दशकात त्यातून पाणी खेळायला लागलं. भाटघरला धरण, वीरपासून कालवा, मग पुरंदर, बारामती आणि शेवटी इंदापूर. लांबी सुमारे दीडशे किलोमीटर. दुष्काळी भागाला पाणी मिळालं, सगळे खूश. पण पाणी आलं की सगळ्यांना ऊसच लावायचा असतो. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो आणि तेवढे महिने पाणी पितो. बरं, जास्त पाण्यानं जमीन सुखी होते असंही नाही. निचरा नसेल तर खालचा क्षार वर येतो आणि रान पांढरं पडतं. या पट्ट्यात अशी क्षारपड रानं आजही बघायला मिळतात. तिथे पाणी कमी पडलं नाही, कुणी थांबवलं नाही एवढंच.

त्यावर उपाय शोधणारा माणूस म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपण त्यांना म्हैसूरचे दिवाण म्हणून ओळखतो, पण त्याआधी ते पुण्यात पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होते. खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. त्याच सुमारास त्यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत आखली. तिचा गाभा म्हणजे पद्धतशीर नकार! पाणी सगळ्या रानाला मिळणार नाही. गावोगावचे चांगल्या जमिनीचे गट निवडायचे, त्यांनाच द्यायचं. त्या गटातही साधारण एक तृतीयांश जमिनीतच ऊस, बाकी कमी पाण्याची पिकं, आणि दर वर्षी जागा बदलायची. एकाला भरपूर देण्यापेक्षा अनेक गावांना बेताचं. हा माणूस आमच्या टीमचा मॅनेजर असता तर काय बहार आली असती, असं म्हणत मी गाडी सुरू केली.

टेलचं गाव

बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. वाटेत भवानीनगर, तिथला साखर कारखाना, मळीचा तो वास. (आजोळी पोचल्याचा वास हाच. परफ्यूमवाल्यांनी कधी बाटलीत भरला तर मी घेईन.) पुढे 'जंक्शन' नावाचं खरोखरचं गाव आहे. शेजारी वालचंदनगर, शेठ वालचंद हिराचंद यांनी माळावर उभी केलेली औद्योगिक वसाहत. चहूकडे ऊस आणि मधे इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनवणारा कारखाना. मग निमगाव केतकीचे पानमळे. मामाचं गाव त्याच्या पुढे, आतल्या रस्त्याला. जसजसं इंदापूरकडे जावं तसतसा कालवा बारीक होत जातो. आमचं शेत एका चारीच्या अगदी शेवटाला. इकडे त्याला 'टेल' म्हणतात, इंग्रजी शब्द आहे हे आता कुणाच्या लक्षातही नाही.

पडवीत आजी बसली होती. डोळ्यांवर काळा चष्मा. वयाच्या ८४ व्या वर्षी एकदम हिरोईनसारखी.

"आजी, हे काय?"

"झालं की आपरेशन. एका डोळ्याचं. तीन आठवडं झालं."

कुठे? बारामतीला. कुणी नेलं? मामेभावानं, मोटरसायकलवर बसस्टँडपर्यंत आणि पुढे एसटीनं. मी मामीकडे बघितलं. त्या भाकरी थापत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "तू कामात असतीस. म्हटलं, कशाला तरास?"

त्यात टोमणा नव्हता, शपथेवर सांगते. टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. ही नुसती व्यवस्था होती. माझा नंबर यादीतून काढून टाकलेला होता.

दारं

आमची पाळी शनिवारी रात्री अकरा ते पहाटे चार. शेताला पाणी द्यायला जाणं याला इकडे 'दारं धरणं' म्हणतात. मला घरी थांबायला सांगितलं होतं, उसात बिबट्या असतो म्हणून. मी हट्टानं गेले. स्वेटर, मामेभावाचे गमबूट, एका खिशात टॉर्च, दुसऱ्या खिशात फोन.

चारीच्या दाराशी पाटकरी बसला होता. पाणी सोडणं, बंद करणं, कुणाला किती वाजता, हे बघणारा माणूस. त्याच्या खिशात घडी घातलेला कागद. शेतकरी हंगामाच्या सुरुवातीला पाण्यासाठी अर्ज भरतात, मंजुरी झाली की शेजपाळी लागते, म्हणजे शेजाऱ्यानंतर शेजारी, आणि तीही शेवटाकडून वरच्या दिशेनं. आधी टेलवाल्याचं रान भिजायचं, मग वरच्याचं. पाणी वरून येतं, पण नंबर खालून सुरू होतो. का, ते उघड आहे. वरच्यापासून सुरू केलं तर खाली काही उरतच नाही.

बाराच्या सुमाराला मोटरसायकलवरून एक गृहस्थ आले. वरच्या अंगाला त्यांची मोठी बागायत होती. पाटकऱ्याशेजारी उकिडवे बसले, तंबाखूची पुडी पुढे केली, घरची चौकशी केली. मग हळूच, "दोन तास आमचं दार ऱ्हाऊ दे की उघडं. लागण सुकाय लागलीया."

मी कान टवकारले. हा तर आमचा मॅनेजर!

पाटकऱ्यानं तंबाखू घेतली. चोळली. म्हणाला, "आण्णा, तुमची पाळी बुधवारी सकाळी सहाला. साडेपाचला येऊन ऱ्हातो मी."

"अरं, दोन तासानं काय हुतंय?"

"बुधवारी सहाला." आणि कागद काढून त्यावर टॉर्च मारला.

बस, एवढंच. सॉरी नाही, 'मला समजतंय तुमचं' नाही, बायको आजारी आहे वगैरे कारणं नाहीत. आण्णा थोडा वेळ बसले, उसाच्या दराबद्दल बोलले आणि गेले. रागावलेले वाटले नाहीत. गाडीचा आवाज लांब गेल्यावर मी विचारलं, "काका, हे नेहमी जमतं तुम्हाला?"

"कुठलं! कदी कदी ढिला पडतोच की मी. मग खालच्याच्या शिव्या." थुंकून म्हणाला, "पण पाळी ठरलेली आसली की बरं आसतं. नाय म्हणायला लागतच नाय. कवा, ते सांगायचं."

मामांना मी टेलबद्दल विचारलं. ते खोऱ्यानं माती ओढत बोलत होते. "वरल्यांनी दारं उघडी ठिवली की आपल्यापतोर पाणी येतच नाय. एक साल बोंब मारतो, दोन साल मारतो. मग मानूस अर्जच भरत नाय. ज्वारी पेरतो नि गप बसतो."

"मग वरती कळतं का, की टेलला पाणी मिळत नाही?"

"कसं कळंल? कागदावर मागणीच नसती ना! त्यास्नी वाटतं, टेलवाल्याचं भागतंय."

पाण्याचा आवाज येत होता. संक्रांतीपासून घरून एकही फोन आला नव्हता आणि मला वाटलं होतं, सगळं ठीक चाललंय.

मग मामांनी मला दोन सऱ्या सांभाळायला दिल्या. काम सोपं वाटतं. एक सरी शेवटापर्यंत भरली की तिच्या तोंडाशी माती ओढून ती बंद करायची आणि पुढची फोडायची. याला 'दारं मोडणं' म्हणतात. "नवी फोडायची तर आधीची बुजव. दोन्ही उघड्या ठिवल्या तर पाणी दोन्हीत रांगत बसतं, पोचत कुटंच नाय," मामा सांगून पलीकडे गेले.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मेसेज. 'जागी आहेस का? डेकमध्ये दोन स्लाइड्स वाढवायच्यात.' चिखलाच्या बोटांनी मी टाइप करत होते, 'हो, कर' आणि पुढचं अक्षर उमटेना. स्क्रीन पुसायला लागले. एवढ्यात मामेभाऊ ओरडला. मी आधीची सरी बुजवलीच नव्हती. वरंबा फुटला होता आणि आमच्या पाळीचं पाणी धावत शेजाऱ्यांच्या रानात निघालं होतं. तिथे त्यांनी उपटून वाळत टाकलेला हरभरा होता.

मामा पळत आले. खोरं मारून, शेवटी स्वतः फटीत उभं राहून त्यांनी पाणी अडवलं. दोन-तीन गुंठ्यातला हरभरा भिजलाच. मला कुणी काही बोललं नाही. सकाळी मामा शेजाऱ्यांकडे गेले, मीही मागे गेले. आणि ते म्हणाले, "जाऊ दे, पोरगी हाय शहरातली." हे ऐकताना मी जमिनीत का गेले नाही, कोण जाणे.

पहाटे साडेचारला चुलीपाशी पाय शेकत मी मेल लिहायला बसले. पहिला मसुदा तीन परिच्छेदांचा. आजी, मोतीबिंदू, नेटवर्क, शंभर वेळा सॉरी. वाचला तर तो नकार नव्हताच, ती माझी वकिली होती. आणि वकिली म्हटलं की समोरचा उलटतपासणी घेणारच! पुसून टाकला. मग लिहिलं: 'आज रविवारी हे काम होणार नाही. सोमवारच्या डेकमधले आत्ताचे आकडे मी शुक्रवारीच तपासले आहेत, ते बरोबर आहेत. नव्या दोन स्लाइड्स आणि दुसऱ्या टीमचा रिपोर्ट बुधवारी दुपारी ३ पर्यंत देते. त्याआधी हवं असेल तर सध्याच्या कामांपैकी कुठलं मागे ठेवायचं ते सांगा.'

पाठवा दाबताना पोटात गोळा आला होता. हसू नका, तुम्हालाही येईल.

सोमवार

परतताना इंदापूरहून सरळ सोलापूर हायवेनं आले, कारण त्या रस्त्यावर भिगवण आहे आणि भिगवणला मासे आहेत. उजनी धरणाच्या फुगवट्यातले, चिलापी, मरळ, झणझणीत रश्शात. हिवाळ्यात इथे जवळच कुंभारगावला रोहित पक्षी उतरतात, म्हणजे फ्लेमिंगो. सकाळी लवकर होडीवाल्याला गाठायचं. मी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं, लांबवर पाण्यात नुसती गुलाबी रेघ दिसली. तेवढ्यात मेलला उत्तर आलं. एक शब्द. 'ओके.'

एवढंच? चार वर्षं ज्या शब्दाला मी घाबरत होते, त्याचं उत्तर एवढंच? मी दुसरी थाळी मागवली.

सोमवारी कळलं ते वेगळंच. सोमवारच्या डेकमध्ये त्या दोन स्लाइड्स होत्या. कुणी केल्या? माझ्याशेजारी बसवलेल्या त्या नव्या मुलानं. रविवारचा दिवस घालवून. मी दार लावलं तर पाणी सगळ्यात खालच्याच्या अंगावर गेलं होतं. त्याचे डोळे तारवटलेले होते आणि मला बघून तो म्हणाला, "अगं, त्यात काय!" माझंच वाक्य.

त्या आठवड्यात मी मॅनेजरशी बोलले, एकटीसाठी नाही. आम्ही सहा जणांनी एक साधा तक्ता केला. वीकएन्डला खरोखरच कुणी लागलं तर कुणाचा नंबर, आणि त्याला त्या बदल्यात कुठल्या दिवशी सुट्टी. नंबर नव्या मुलापासून सुरू करायचा नाही, तर सिनिअरपासून. यात पाटकऱ्याचा उलटा हिशोब होता, पण कामाच्या बाबतीत वरचा आणि खालचा उलटेच असतात. मॅनेजर वाईट माणूस नाही. त्यालाही वरून फोन येतात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तक्ता कधी पाळला जातो, कधी नाही. तिमाहीच्या शेवटी तर सगळी दारं सताड उघडी असतात.

आणि हो, त्या वर्षी अप्रेझलमध्ये माझं रेटिंग एक पायरी उतरलं. शेऱ्यात 'उपलब्धता' हा शब्द होता. पगारवाढ कमी झाली, कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहिला. हे तुम्हाला सांगितलं नसतं तर लेख जास्त गोड झाला असता. ज्याची नोकरी महिन्याच्या करारावर आहे त्याला 'नाही म्हण' सांगणं सोपं नाही, म्हणूनच तो कायदा हवा, असं आता माझं मत झालंय. सगळा भार पाटकऱ्याच्या हिमतीवर टाकून चालत नाही. त्याच्या खिशात निदान कागद होता.

एप्रिलात आजीच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली. मला मामांचा फोन आला नाही. मीच दर आठवड्याला विचारत होते, त्यामुळे कळलं. मी तीन आठवडे आधी रजेचा अर्ज भरला. मॅनेजर म्हणाला, त्या दिवशी डेमो आहे. मी म्हटलं, आदल्या दिवशी संध्याकाळी सगळं तयार देते, डेमो तो नवा मुलगा करेल, त्याला करायचाच आहे. त्यानं केला, चांगला केला असं ऐकलं.

मी बारामतीच्या दवाखान्याच्या बाकावर होते. फोन बॅगेत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, डॉक्टरांनी आजीला समोर बघायला सांगितलं. तिनं भिंत बघितली, पंखा बघितला, मग माझ्याकडे वळून बराच वेळ बघत राहिली.

"काय गं," म्हणाली, "केस पांढरं झालं की तुझं. कवा?"